फेहू या रुनेचा अर्थ कसा लावावा : पुराव्यापासून अन्वयापर्यंत

उत्तर युरोपातील प्राचीन जर्मानिक लोकांच्या रून लिपीतील पहिल्या चिन्हाला आज 'फेहू' म्हणतात आणि तिचा अर्थ विचारला की 'संपत्ती, भरभराट, पैशाची आवक' असे तयार उत्तर बहुतेक ठिकाणी मिळते. ते उत्तर सर्वस्वी चूक नाही. पण त्यातला कोणता भाग हजार-दीड हजार वर्षांपूर्वीचा आणि कोणता गेल्या शतकातला, हे त्यावरून कळत नाही. या लेखात एकच रून घेऊन तिचा अर्थ पायरीपायरीने कसा काढावा हे मांडले आहे. जुन्या लिपीतील उरलेल्या तेवीस रुनांनाही हीच पद्धत लागू पडते. मात्र फेहूविषयीचा पुरावा इतर रुनांच्या मानाने भरघोस असल्यामुळे अभ्यासाची सुरुवात तिच्यापासून करणे सोयीचे ठरते. माझे मत आरंभीच नोंदवून ठेवतो. जुन्या कवितांत फेहू हा सुबत्तेचा निव्वळ शुभशकुन नाही. हातातून हातात जाणारे, वाटावे लागणारे आणि वाटले नाही तर भाऊबंदकी लावणारे धन, असाच तिचा सूर आहे.

पहिली पायरी : चिन्ह आणि त्याचा उच्चार निश्चित करा

एक उभी रेघ आणि तिच्या उजव्या अंगाला, वरच्या दिशेने तिरक्या चढत गेलेल्या दोन समांतर फांद्या, अशी फेहूची आकृती आहे. तिची गल्लत सर्वाधिक होते ती त्याच लिपीतील चौथ्या रुनेशी, म्हणजे 'अ' या स्वराच्या 'अन्सुझ'शी, कारण तिलाही एक उभी रेघ आणि एकाच बाजूला दोन फांद्या असतात. फरक एवढाच की अन्सुझच्या फांद्या खाली झुकलेल्या असतात. दागिन्यांवर आणि विक्रीच्या तक्त्यांवर ही अदलाबदल इतक्या वेळा दिसते, की छायाचित्र हाती आल्यावर आधी फांद्यांची दिशा पाहावी आणि मगच पुढचा विचार करावा.

उजवी-डावी बाजू मात्र अर्थाच्या दृष्टीने महत्त्वाची नाही. जुने लेख डावीकडून उजवीकडे तसेच उजवीकडून डावीकडेही कोरले जात आणि दुसऱ्या प्रकारात रुनांची तोंडेही फिरत, त्यामुळे डावीकडे फांद्या असलेली फेहू ही तितकीच अस्सल फेहू असते. आडव्या रेघांऐवजी तिरक्या रेघा का, याचे सर्वसाधारणपणे दिले जाणारे स्पष्टीकरण असे, की ही लिपी लाकडावर कोरण्याच्या सवयीतून घडली आणि लाकडाच्या तंतूंच्या दिशेने जाणारी रेघ त्या तंतूंतच हरवून जाते. आकृतीचे मूळ रोमन लिपीतील वा आल्प्सच्या दक्षिणेकडील जुन्या इटालियन लिप्यांतील 'एफ'मध्ये शोधले जाते.

उच्चाराबाबत मराठी वाचकाने थोडी काळजी घ्यावी. 'फणस' म्हणताना आपण ओठ मिटून श्वासासह जो महाप्राण काढतो तो येथे अभिप्रेत नाही. 'ऑफिस' या शब्दातील घर्षणयुक्त उच्चार त्याच्या जवळचा आहे आणि सर्वांत जुन्या काळात तो दोन्ही ओठांमधून फुंकर घातल्यासारखा होत असावा असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. लिपीला मिळालेले 'फुथार्क' हे नावही याच ध्वनीपासून सुरू होते, कारण ते पहिल्या सहा रुनांचे ध्वनी ओळीने जोडून तयार झाले आहे. चोवीस रुनांची ही ओळ सलग स्वरूपात प्रथम भेटते ती स्वीडनच्या गॉटलँड बेटावरील किल्व्हर येथील, इ.स. ४०० च्या सुमाराच्या शिळेवर. आणि सुमारे इ.स. ५०० च्या व्हाडस्टेना येथील सुवर्णपदकावर तीच ओळ आठ-आठच्या तीन गटांत विभागलेली दिसते. फेहूचे पहिले स्थान त्यामुळे निर्विवाद आहे.

दुसरी पायरी : कोरीव लेखात ती केवळ अक्षर आहे का, ते आधी तपासा

ही पायरी लोक हमखास गाळतात. रुना ही प्रथमतः लिपी होती आणि उपलब्ध लेखांपैकी फार मोठ्या भागात फेहू म्हणजे फक्त 'फ' आहे. नॉर्वेच्या व्हाल्ड्रेस खोऱ्यात आइनांग येथे चौथ्या शतकातील एक शिळा उभी आहे. तिच्यावरील वाक्याचा आशय 'मी, (गो)दगास्त, ही रून रंगवली' असा आहे आणि 'रंगवली' या अर्थाचे 'फाइहिदो' हे क्रियापद आपल्या रुनेने सुरू होते. येथे धनाचा, गुराढोरांचा वा भाग्याचा काहीही संबंध नाही. लेखातील रुना जोडून अर्थपूर्ण शब्द बनत असेल, तर त्यातील एकेका रुनेला स्वतंत्र अर्थ चिकटवण्याचा अधिकार आपल्याला राहत नाही.

यातील मोह किती सूक्ष्म असतो हे ब्रिटिश म्युझियममधील 'फ्रँक्स कास्केट' या पेटीवरून कळते. आठव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्तर इंग्लंडमधील नॉर्थम्ब्रियात देवमाशाच्या हाडापासून बनवलेल्या या पेटीच्या दर्शनी बाजूवर, हा मासा लाटांनी किनाऱ्यावरच्या उंचवट्यावर कसा आणून टाकला, हे सांगणारे पद्य कोरलेले आहे. त्याचे आरंभीचे 'फिस्क', 'फ्लोदू', 'फेर्येनबेरिग' हे शब्द 'फ'च्या अनुप्रासात बांधलेले आहेत. पेटीत मौल्यवान ऐवज ठेवला जात असावा, म्हणून तिच्या दर्शनी भागावर धनाची रून मुद्दाम पुन्हा पुन्हा आणली, असे अनुमान मांडले गेले आहे. कल्पना आकर्षक आहे. पण जुन्या इंग्रजी पद्यात प्रत्येक ओळीला अनुप्रास असतोच, आणि मासा हा विषय असताना 'फिस्क' हा शब्द टाळणार तरी कसा? अशा ठिकाणी 'शक्यता' एवढीच नोंद करून पुढे जावे.

तिसरी पायरी : नाव, आणि त्या नावामागचे जग

'फेहू' हे रूप जुन्या लिपीच्या काळातील कोणत्याही लेखात रुनेचे नाव म्हणून लिहिलेले सापडत नाही. ते पुनर्रचित रूप आहे, म्हणजे नंतरच्या भगिनीभाषांतील नावांची तुलना करून मागे जाऊन बांधलेले. त्या भाषांत हे नाव जुन्या इंग्रजीत 'फेओह', जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेत, 'फे' असे मिळते. नवव्या शतकातील, स्वित्झर्लंडमधील सांक्ट गालेनच्या मठातील एका हस्तलिखितात नॉर्डिक रुनांची जी ओळ दिली आहे ती 'फेउ फोर्मान', म्हणजे 'फेउ पहिली', अशा शब्दांनी सुरू होते. निरनिराळ्या देशांतील साक्षी एकमेकींशी इतक्या जुळतात, की फेहूचे नाव सर्वांत भक्कम पायावर उभ्या असलेल्या रून-नावांपैकी एक ठरते. सगळ्याच रुनांना हे भाग्य नाही. 'पेर्थ्रो' या रुनेच्या नावाचा अर्थ आजही ठरलेला नाही.

या नावाचे संस्कृतातील भावंड आपल्या परिचयाचे आहे. 'पशु', लॅटिन 'पेकु' आणि जर्मानिक 'फेहु' हे एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत. 'प'चा 'फ' आणि 'क'चा 'ह' होणे हा याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये मांडलेल्या ध्वनिनियमाचा भाग आहे आणि लॅटिनमध्ये त्याच मुळापासून 'पेकुनिया' हा पैशासाठीचा शब्द निघाला. आपल्याकडे सरकारी कागदांत आजही 'पशुधन' हा शब्द चालतो, त्यामुळे जनावर आणि धन यांची सांगड मराठी वाचकाला नव्याने समजावून सांगावी लागत नाही.

नावाचा नुसता मूळ अर्थ देऊन थांबू नये. तो शब्द त्या त्या काळी प्रत्यक्ष कशासाठी वापरला जात होता हे पाहावे. रोमन इतिहासकार टॅसिटस याने इ.स. ९८ मध्ये जर्मानिक टोळ्यांविषयी लिहिताना नोंदवले आहे, की त्यांना गुरांची संख्या मोठी असण्यात आनंद वाटतो आणि हीच त्यांची एकमेव व सर्वांत आवडती संपत्ती आहे. मनुष्यवधाची भरपाईदेखील ठरावीक संख्येची गुरे-मेंढरे देऊन होते, असेही तो सांगतो. चौथ्या शतकात वुल्फिला या बिशपने गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेत केलेल्या बायबलच्या भाषांतरात मात्र येशूला पकडून देणाऱ्या ज्यूडासला धर्मगुरूंनी जे द्यायचे कबूल केले ते 'फाइहु' आहे, म्हणजे तिथे शब्द सरळ रोख पैशावर आला आहे. इ.स. ६०० च्या सुमारास इंग्लंडमधील केंटचा राजा एथेल्बर्ट याने केलेल्या कायद्याच्या पहिल्याच कलमात 'देवाचे आणि चर्चचे फेओह' चोरल्यास बारापट भरपाई सांगितली आहे, आणि तिथे अर्थ सर्वसाधारण मालमत्तेचा आहे. दुसऱ्या बाजूला, आजच्या जर्मन भाषेतील 'फी' हा त्याच शब्दाचा वारस अजूनही गुरांसाठीच वापरतात. म्हणून 'फेहू म्हणजे गाय' हे जितके अपुरे, तितकेच 'फेहू म्हणजे पैसा' हेही अपुरे. जमीनजुमल्याच्या व्यवहारातील आपली 'जंगम मालमत्ता' ही संज्ञा तिच्या बरीच जवळ जाते : जी हाकता येते, मोजता येते, देता येते आणि पळवताही येते.

जाता जाता एक गोष्ट. किल्व्हरच्या ओळीत शेवटची रून 'ओथाला' आहे आणि तिच्या नावाचा अर्थ वडिलोपार्जित जमीन असा होतो. लिपी जंगमापासून सुरू होऊन स्थावरापाशी संपते, हे पाहून त्यामागे एखादी योजना असावी असे वाटते; पण व्हाडस्टेनाच्या ओळीत शेवटच्या दोन रुनांचा क्रम वेगळा आहे, म्हणून या निरीक्षणावर मोठा इमला रचू नये.

चौथी पायरी : तिन्ही रून-कविता सावकाश वाचा

रुनांच्या अर्थाचा खरा ठेवा तीन रून-कवितांत आहे. प्रत्येक रुनेवर एक छोटे कडवे, अशी त्यांची रचना असून ती मुख्यतः नावे व क्रम लक्षात ठेवण्यासाठी झाली असावी. तिन्ही ख्रिस्ती काळात लिहिल्या गेल्या, हे वाचताना विसरू नये. फेहूसाठी तिन्हींतील पहिले कडवे शेजारी शेजारी ठेवून वाचावे.

जुन्या इंग्रजी कवितेचे मूळ हस्तलिखित १७३१ मध्ये लंडनच्या अ‍ॅशबर्नहॅम हाउसला लागलेल्या आगीत जळाले. जॉर्ज हिक्स यांनी १७०५ मध्ये ते छापून ठेवले होते, म्हणून ती आज उपलब्ध आहे. तिच्या पहिल्या कडव्याचा आशय असा : धन हा सर्व माणसांना दिलासा आहे, तरीही प्रभूसमोर आपल्या वाट्याला मान यावा असे वाटणाऱ्या प्रत्येकाने ते सढळ हाताने वाटले पाहिजे. यातील तीन शब्दांपाशी थांबावे. 'फ्रोवुर' म्हणजे दिलासा, आधार. कवी धनाला वाईट म्हणत नाही. 'दॅलान' म्हणजे वाटणे, हिस्से करून देणे. वीरकाव्यातील राजा आपल्या योद्ध्यांना कडी-कंकणे वाटतो तिथेही हेच क्रियापद येते. आणि 'ड्रिह्टेन' हा शब्द ख्रिस्ती लेखनात ईश्वरासाठी रूढ असला, तरी त्याआधी तो लढवय्यांच्या धन्यासाठी वापरला जात होता, त्यामुळे या कडव्यात चर्चमधील दानधर्म आणि राजसभेतील औदार्य हे दोन्ही एकाच वेळी ऐकू येतात. अभ्यासकांमध्ये यावर मतभेद आहेत. मला दोन्ही अर्थ राहू देणे अधिक प्रामाणिक वाटते. 'वाट्याला येणे' या अर्थी वापरलेले 'ह्लेओतान' हे क्रियापद चिठ्ठी टाकून हिस्सा मिळण्याशी संबंधित आहे, ही गोष्ट शकुनविचार करणाऱ्यांना विशेष भुरळ घालते, पण कडव्याचा रोख वाटण्यावर आहे, चिठ्ठीवर नाही.

नॉर्वेजियन कविता तेराव्या शतकातील मानली जाते आणि तिचे कडवे दोनच ओळींचे आहे. 'फे वेल्द्र फ्रेंदा रोगे. फोदेस्क उल्व्र ई स्कोगे' : धनामुळे आप्तांत कलह होतो. लांडगा रानात वाढतो. पहिली ओळ स्पष्ट आहे. दुसरीचा पहिलीशी संबंध काय, हा जुना प्रश्न आहे, कारण या कवितेत पुष्कळ ठिकाणी दुसरी ओळ केवळ यमकासाठी आल्यासारखी दिसते. तरीही इथे दुवा जोडता येतो : जुन्या नॉर्समध्ये लांडग्यासाठी असलेला 'वर्ग्र' हा दुसरा शब्द समाजाबाहेर टाकलेल्या, रानात पळून राहणाऱ्या गुन्हेगारासाठीही वापरत, आणि वाटणीच्या भांडणातून रक्तपात आणि त्यातून हद्दपारी, हा त्या समाजाच्या कथांमधला नेहमीचा प्रवास आहे. मात्र कडव्यात 'वर्ग्र' नव्हे तर 'उल्व्र' आहे, म्हणून हा अन्वय संभाव्य या सदरातच ठेवावा.

आइसलँडिक कवितेची सर्वांत जुनी प्रत इ.स. १५०० च्या आसपासची असली तरी तिचा ढंग जुन्या दरबारी कवींचा आहे. तिच्यात धनाला तीन नावे दिली आहेत : आप्तांचा कलह, भरतीच्या पाण्यातील आग, आणि सापाची वाट. पुढे लॅटिन 'आउरुम', म्हणजे सोने, आणि 'फिल्किर', म्हणजे अधिपती, हे दोन शब्द टिपेसारखे जोडले आहेत. 'पाण्यातील आग' हे सोन्यासाठीचे रूढ कूटनाम आहे. समुद्राधिपती एगिर याच्या दालनात दिव्यांऐवजी चकाकते सोने प्रकाश देत असे, ही कथा त्यामागे सांगितली जाते. 'सापाची वाट' म्हणजे नॉर्स दंतकथेतील फाफनिर सापाच्या रूपात ज्यावर वेटोळे घालून बसला तो सोन्याचा साठा. येथे एक बारकावा सुटू देऊ नये. फाफनिरने ते सोने मिळवले ते स्वतःच्या बापाला, ह्राइडमारला, मारून, आणि भाऊ रेगिन याला त्याचा वाटा नाकारून. साप तो त्यानंतर झाला. म्हणजे 'आप्तांचा कलह' आणि 'सापाची वाट' ही दोन वेगळी नावे दिसत असली तरी एकाच कथेचा आरंभ आणि शेवट आहेत. न वाटलेल्या धनाचे काय होते हे या कडव्याइतके कमी शब्दांत दुसरीकडे कुठे सांगितलेले मला आढळलेले नाही.

तिन्ही कडवी वाचून झाली की प्रत्येकातील विधान आपल्या शब्दांत एकेका वाक्यात लिहून काढावे आणि त्यांत समान काय ते अधोरेखित करावे. इंग्लंडमधील कवीचा सूर उपदेशाचा, उत्तरेकडील दोघांचा सावध करण्याचा. पण धन हा माणसामाणसांमधला व्यवहार आहे, एकट्याच्या तिजोरीतली वस्तू नव्हे, हे तिघांनाही मान्य आहे. नॉर्समधील 'फेलागी' हा भागीदारासाठीचा शब्द, ज्यापासून इंग्रजी 'फेलो' आला, तोही याच जगातला : ज्याने आपले 'फे' दुसऱ्याच्या 'फे'सोबत एकत्र ठेवले तो. व्हायकिंग काळातील कित्येक स्मारकशिळा अशा भागीदारांसाठी उभारलेल्या आहेत.

पाचवी पायरी : एकट्या रुनेने शब्दाचे काम केलेली ठिकाणे शोधा

एकच रून लिहून तिचे पूर्ण नाव वाचायचे, ही पद्धत होती याला चांगला पुरावा आहे. 'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजी वीरकाव्याच्या हस्तलिखितात लेखनिकाने 'एथेल', म्हणजे मातृभूमी, हा शब्द तीन वेळा नुसत्या रुनेने लिहिला आहे. फेहूच्या बाबतीत दोन साक्षी महत्त्वाच्या आहेत.

पहिली साक्ष स्वीडनच्या ब्लेकिंगे प्रांतातील, अंदाजे सातव्या शतकातील गुम्मार्प शिळेची. तिच्यावरील लेखात हाथुवोल्फ या व्यक्तीचे नाव, 'तीन काठ्या मांडल्या' अशा आशयाचे शब्द आणि त्यापुढे फेहू तीन वेळा, ओळीने, असे होते. रून कोरण्यासाठीची 'काठी' म्हणजेच अक्षर, त्यामुळे 'तीन अक्षरे कोरली : फ फ फ' असा अर्थ निघतो आणि या तीन फेहूंनी धनाची तिहेरी कामना केली असावी असे अनेक अभ्यासक मानतात. याच परिसरातील, आता सॉल्व्हेसबोर्गच्या चर्चमध्ये असलेल्या स्टेन्टोफ्टेन शिळेवरही हाथुवोल्फचेच नाव आहे. तेथील लेखाच्या आज बऱ्याच प्रमाणात स्वीकारल्या गेलेल्या वाचनानुसार नऊ बोकड आणि नऊ घोडे देऊन हाथुवोल्फने 'य' दिला, आणि हा एकटा 'य' म्हणजे 'यारा' ही रून, अर्थात चांगले पीकपाण्याचे वर्ष. दोन्ही शिळा एकत्र ठेवल्या की एका सरदार घराण्याची, जनावरांचे बळी देऊन सुबत्ता मागण्याची रीत डोळ्यांसमोर येते आणि गुम्मार्पच्या तीन फेहूंना आधार मिळतो. गुम्मार्प शिळा कोपनहेगनला नेली गेली आणि १७२८ च्या तेथील मोठ्या आगीत नष्ट झाली. आज हाती आहेत ती सतराव्या शतकातील रेखाटने. नॉर्वेजियन रून-कवितेचे जुने हस्तलिखितही त्याच आगीत गेले. म्हणून गुम्मार्पवर भिस्त ठेवताना, आपण दगड नव्हे तर दगडाचे चित्र वाचत आहोत याची जाणीव असावी.

दुसरी साक्ष मला अधिक ठाम वाटते. क्यूनेवुल्फ हा जुना इंग्रजी कवी आपल्या धार्मिक कवितांच्या शेवटी स्वतःचे नाव रुनांमध्ये विखरून गुंफत असे. इटलीतील व्हेर्चेल्ली येथे जपलेल्या हस्तलिखितातील त्याच्या एका कवितेत, जिथे नावातील 'फ' येतो तिथे, तो एकटी रून लिहून पुढे म्हणतो, की ती आकाशाखाली प्रत्येकासाठी 'लॅने' आहे. ओळीच्या पूर्वार्धात 'फ्लोदास' आणि 'येफ्युस्दे' हे 'फ'चे शब्द आहेत. अनुप्रास पुरा व्हायला उत्तरार्धात 'फ'नेच सुरू होणारा शब्द हवा, म्हणजे रुनेच्या जागी 'फेओह' असेच वाचावे लागते. 'लॅने' म्हणजे उसने घेतलेले, परत जाणारे. एक्सेटरच्या हस्तलिखितातील एका विलापकाव्यात 'येथे धन उसने, येथे मित्र उसना' असे म्हटले आहे, तर आइसलँडच्या 'हावामाल' या जुन्या नीतिपर काव्यामध्ये 'देयर फे, देय्या फ्रेंद्र' : गुरे मरतात, आप्त मरतात. समुद्राच्या दोन्ही बाजूंना 'फे' हा शब्द नश्वरतेच्या वाक्यात आप्तांच्या वा मित्रांच्या जोडीला बसवलेला दिसतो, तेव्हा तो योगायोग मानणे कठीण जाते.

सहावी पायरी : अर्वाचीन थर वेगळा काढा

जुन्या काळी रुनांनी भविष्य पाहत असत का, या प्रश्नाला बहुतेक जण टॅसिटसचा दाखला देतात. त्याने फळझाडाची फांदी तोडून तिचे तुकडे करणे, त्यांवर खुणा करणे, पांढऱ्या कापडावर ते विखुरणे आणि तीन उचलून वाचणे असा विधी वर्णिला आहे. पण त्या खुणा रुनाच होत्या असे तो म्हणत नाही, आणि एकेका खुणेचा अर्थ तर मुळीच देत नाही. चोवीस रुनांचे शकुनार्थ सांगणारा प्राचीन कोश अस्तित्वात नाही.

आज तक्त्यांत जे अर्थ छापलेले असतात त्यांची परंपरा विसाव्या शतकात सुरू होते. ऑस्ट्रियातील गूढवादी गुइडो फॉन लिस्ट यांनी शतकाच्या आरंभी अठरा रुनांची आपली स्वतंत्र मांडणी प्रसिद्ध केली. तिच्यातील पहिली रून 'फा' आहे, पण अठरा ही संख्याच कोणत्याही प्राचीन रून-ओळीशी जुळत नाही, कारण जुनी ओळ चोवीसची आणि व्हायकिंग काळातील सोळाची. १९८२ मध्ये अमेरिकेत निघालेल्या एका लोकप्रिय संचाने 'कोरी रून' रूढ केली. तिलाही प्राचीन आधार नाही. 'उलटी फेहू म्हणजे आर्थिक नुकसान' हा नियम टॅरो पत्त्यांच्या वाचनपद्धतीवरून आलेला दिसतो. जुन्या लेखांत काही रुना खालीवर कोरलेल्या सापडतात, परंतु त्यामुळे अर्थ फिरत असे दाखवणारा पुरावा नाही. आणि फेहूच्या कडव्यांत दिलासा व कलह दोन्ही आधीच असताना अशुभ अर्थासाठी तिला उलटी करण्याची गरजही उरत नाही.

फेहू ही फ्रेयर वा फ्रेया या नॉर्स देवतांची रून, असेही सांगितले जाते. येथे थोडे अधिक तोलून बोलावे लागते. दहाव्या शतकातील कवी एगिल स्काल्लाग्रीमसन आपल्या मित्राविषयी म्हणतो की फ्रेयर आणि न्योर्द या देवांनी त्याला विपुल 'फे' दिले. तेव्हा धन आणि फ्रेयर यांचा संबंध खराच जुना आहे. मात्र पहिल्या आठ रुनांच्या गटाला फ्रेयरचे नाव देणे ही बरीच उत्तरकालीन आइसलँडिक प्रथा आहे, आणि रुनेचा देवतेशी थेट संबंध जोडणारा प्राचीन लेख नाही.

सातवी पायरी : आपला अन्वय लिहा

आता कागदाचे तीन स्तंभ करा. पहिल्यात निश्चित गोष्टी : ध्वनी 'फ', नाव गुरेढोरे, मालमत्ता व पैसा या अर्थांचे, तीन कवितांतील विधाने, क्यूनेवुल्फचा वापर. दुसऱ्यात संभाव्य गोष्टी : गुम्मार्पवरील तिहेरी कामना, लांडगा आणि हद्दपारी यांचा दुवा. तिसऱ्यात अर्वाचीन भर : उलटा अर्थ, देवतेची नेमणूक, आणि फेहूशी जोडले जाणारे रंग व रत्ने. एखादे नवे विधान वाचनात आले की ते कोणत्या स्तंभात बसते हे ठरवल्याशिवाय त्यावर विश्वास टाकू नये. शिळालेखांची खातरजमा करण्यासाठी उप्साला विद्यापीठाचा स्कँडिनेव्हियन रून-लेखांचा डेटाबेस मोफत उपलब्ध आहे. प्रत्येक शिळेला प्रांतानुसार वा देशानुसार क्रमांक असतो आणि गुम्मार्प तिथे 'डीआर ३५८' या क्रमांकाने सापडते.

चिंतनासाठी वा शकुनासाठी रुना उचलणाऱ्यांनी ती प्रथा आजची आहे हे मान्य करून पहिल्या स्तंभातून प्रश्न तयार करावेत. व्यवसायासंबंधी विचार करताना फेहू हाती आली, तर 'पैसा येणार' असे म्हणण्याऐवजी असे विचारता येईल : या व्यवहारात कोणाकोणाचे धन एकत्र आहे, कोणाचा वाटा अजून द्यायचा राहिला आहे, आणि हाती आले ते अडवून ठेवले तर कोण दुखावेल? भविष्य सांगण्याचा दावा यात नाही, पण कडव्यांतील शब्दांशी हे वाचन प्रामाणिक राहते.

लॉकेट किंवा गोंदणासाठी ही रून निवडणाऱ्यांनी फांद्या वर चढत्या आहेत ना हे नमुन्याच्या कागदावरच पाहावे, कारण त्या खाली झुकल्या तर अंगावर 'अ' उमटेल. गोंदताना छाप उलटा बसून फांद्या डावीकडे गेल्या तरी घाबरण्याचे कारण नाही, ते जुन्या पद्धतीत बसते. 'फेहू' हे पूर्ण नाव हवे असेल तर फ, ए, ह, उ अशा चार रुना ओळीने लागतात. एकटी रून हवी असेल तर ती क्यूनेवुल्फच्या ओळीप्रमाणे नावाने वाचली जाईल. सोबत दुसऱ्या रुना घेताना मात्र विसावे शतक लक्षात घ्यावे लागते : नाझींच्या एसएस संघटनेने दुहेरी 'झिग' रून आपले बोधचिन्ह केले होते आणि तिच्या एका तुकडीच्या चिन्हावर ओथाला होती. जर्मनीत एसएसच्या दुहेरी रुनांचे जाहीर प्रदर्शन दंड संहितेच्या कलम ८६अ खाली गुन्हा ठरते, त्यामुळे शिक्षण वा नोकरीसाठी तिकडे जाणाऱ्यांनी फेहूच्या शेजारी काय कोरून घ्यायचे हे आधीच नीट तपासून घ्यावे.